खाज गेली, गजकर्ण राहिलं

मे महिन्यात खान्देशातल्या जामनेरच्या कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहा. पारा पंचेचाळिशीकडे, अंगाला घामाने चिकटलेली जीन्स, आणि दबक्या आवाजातली मागणी: "ती खाजेची ट्यूब द्या." चिठ्ठी नाही.

"रात्रीतून खाज थांबली, म्हणजे औषध भारी" हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. अशा बऱ्याच मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखं कडक स्टिरॉइड असतं. ते बुरशी मारत नाही, तिथली प्रतिकारशक्ती झोपवतं. खाज निवते, बुरशी पसरत राहते. मलम बंद केलं की दुपटीने उसळी. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि कायमचे वळ उठतात. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नाही.

त्याऐवजी स्टिरॉइड नसलेलं साधं क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा लावायचं, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत. तर्जनीच्या पहिल्या पेराएवढी पट्टी म्हणजे अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. १५ ग्रॅमची ट्यूब अशा जागेवर पंधराच दिवस चालते. चट्टा मावळल्यावरही दोन आठवडे लावायचं असतं, तेव्हा एका ट्यूबेत बहुधा भागत नाही. बुरशी डोक्यात किंवा नखांत असेल तर मात्र नुसतं मलम कुचकामी. गोळ्या लागतात, त्याही डॉक्टरांनी दिलेल्या.

दुसरा गैरसमज पथ्याचा: "रक्त बिघडलं, वांगं बंद करा." खान्देशात भरीत सोडायला लावणं म्हणजे शिक्षाच! ही बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरावर जगते. वांग्याशी तिचं काही देणंघेणं नाही. पथ्य पाळायचं तर कमरेच्या करदोड्याचं पाळा. घामाने भिजलेला तो दोरा वाळत नाही, आणि बुरशी त्याच्याखाली सुखाने राहते. घरातल्या सगळ्यांचा एकच टॉवेल, हेही तसंच.

"पूर्वी आठ दिवसांत जायचं" ही तक्रार मात्र खोटी नाही. भारतात पसरलेल्या हट्टी बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. तिच्यापुढे टर्बिनाफिन हे नेहमीचं बुरशीनाशक औषधही अनेकदा हात टेकतं. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, अंगभर पसरलं, मधुमेह आहे किंवा दिवस गेलेत, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी पिळून चपट्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.