पडद्यापर्यंतचा रस्ता कोणी बांधायचा?

हार्लेम हे नाव आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला परके नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याच शेजारची ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती. या वस्तीचे नाव अभिमानाने मिरवणारा चार वादकांचा एक संच २००६ साली अमेरिकेत उभा राहिला. त्याचे नाव हार्लेम क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, अशी त्याची मांडणी. ही मांडणी युरोपातील सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यात वाढली; हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन यांनी तिच्यासाठी रचना केल्या. हार्लेम क्वार्टेटचे वादक त्या रचना तर वाजवतातच. पण त्याच तारांवर ते कृष्णवर्णीयांचा जॅझ वाजवतात आणि क्यूबाच्या गोदी कामगारांचा रुंबाही वाजवतात.

चळवळीच्या दैनिकात या संगीताचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. आरक्षणाचा विषय निघाला की आपल्यासमोर 'गुणवत्ता' हा शब्द फेकला जातो. या शब्दाची जेवढी कसून उलटतपासणी अमेरिकेच्या वाद्यवृंदांमध्ये झाली, तेवढी क्वचितच कोठे झाली असेल. हार्लेम क्वार्टेट हा त्या उलटतपासणीतून निघालेला जिवंत पुरावा आहे.

प्रकरण १९६९ सालचे आहे. आर्ट डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णीय वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाविरुद्ध शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. वर्ण पाहून आम्हांला डावलले, ही त्यांची तक्रार. डेव्हिस हे जॉन कोल्ट्रेन या जॅझच्या महान वादकाबरोबर वाजवलेले कसलेले कलावंत होते. त्यांचे मागणे एवढेच होते की, आमची परीक्षा पडद्याआड घ्या. कातडी दिसू नये, फक्त सूर ऐकू यावेत! आयोगाचा निकाल १९७० साली आला. कायम नेमणुकीच्या मुद्द्यावर त्यांना न्याय मिळाला नाही. परंतु बदली आणि जादा वादक घेताना वाद्यवृंदाने भेदभाव केला, हे आयोगाने मान्य केले. त्या वेळी या संपूर्ण वाद्यवृंदात कृष्णवर्णीय वादक एकच होता. सॅनफर्ड ॲलन हा तो व्हायोलिनवादक, १९६२ साली दाखल झालेला.

पुढे अमेरिकेतील वाद्यवृंदांनी पडद्याआडची परीक्षा हळूहळू स्वीकारली. परीक्षक एका बाजूला, उमेदवार पडद्यामागे. नाव नाही, चेहरा नाही, फक्त क्रमांक. यापेक्षा निःपक्षपाती परीक्षा ती कोणती? गुणवत्तेच्या पुजाऱ्यांना हवी होती तशीच ही व्यवस्था. तिचा लाभ स्त्रियांना झाला. १९७० च्या सुमारास मोठ्या वाद्यवृंदांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच स्त्रिया होत्या. आज देशभरातील वाद्यवृंदांत त्या जवळजवळ निम्म्या आहेत. कृष्णवर्णीयांचे काय झाले? अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या संघटनेनेच २०१६ साली अहवाल काढला. २०१४ मध्ये वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय होते शेकडा १.८ आणि लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक अमेरिकेतून आलेल्यांचे वंशज, शेकडा २.५. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय शेकडा तेराच्या घरात आहेत. २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या संगीत समीक्षकाने हिशेब मांडला, तेव्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये कृष्णवर्णीय वादक होता एक! पन्नास वर्षांत एकाचा एकच. म्हणूनच पडद्याआडची परीक्षा आता बंद करा, असे त्या समीक्षकाने लिहिले आणि मोठा वाद झाला.

पडद्याने स्त्रियांना आत घेतले, मग कृष्णवर्णीयांना का नाही? यात गूढ काही नाही. गोऱ्या मध्यमवर्गीय घरातील मुलीच्या हातात पाचव्या-सहाव्या वर्षी व्हायोलिन होते. शिक्षक घरी येत होता. तिच्या वाटेत परीक्षकाचा डोळा एवढाच अडसर होता. तो पडद्याने झाकला आणि ती आत गेली. डेट्रॉइटच्या गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय मूल मात्र त्या पडद्यापर्यंत पोहोचलेच नाही. वाद्य महाग, शिकवणी महाग, परीक्षेसाठी दूरच्या शहरी जाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च उमेदवाराच्याच खिशातून. पडदा चेहरा झाकतो; तीनशे वर्षांचा इतिहास झाकत नाही, तो सुरांतून ऐकू येतो. आणि परीक्षक त्यालाच गुणवत्तेचा अभाव म्हणतात.

हे ओळखले ॲरन ड्वॉर्किन या व्हायोलिनवादकाने. मिशिगन विद्यापीठात शिकत असतानाच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने स्फिंक्स ही संस्था सुरू केली. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण तंतुवादकांची स्वतंत्र स्पर्धा तिने भरवली. शिष्यवृत्त्या दिल्या. डेट्रॉइट आणि फ्लिंट या शहरांत मुलांना व्हायोलिनचे मोफत धडे सुरू केले. २०१८ पासून इतर संस्थांच्या सोबतीने परीक्षेला जाणाऱ्या वादकाला प्रवासखर्च आणि सरावासाठी मार्गदर्शक देण्याची योजनाही चालवली. 'वेगळी स्पर्धा कशाला, सर्वांबरोबर उतरा की!' हे टोमणे आपल्याला नवे नाहीत. हार्लेम क्वार्टेट जन्मला तो याच वेगळ्या स्पर्धेतून. तिच्या विजेत्यांना एकत्र आणून स्फिंक्सने हा संच उभा केला. त्याने २००९ साली व्हाइट हाऊसमध्ये ओबामा दाम्पत्यासमोर वादन केले. पुढे जॅझमधील दिग्गज चिक कोरिया आणि गॅरी बर्टन यांनी 'हॉट हाऊस' या ध्वनिमुद्रिकेतील एका रचनेसाठी याच संचाला सोबत घेतले. त्या रचनेला २०१३ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. वेगळ्या दाराने आलेल्यांची ही गुणवत्ता!

आमच्या मते खरी गोष्ट पुरस्काराच्याही पलीकडची आहे. या वादकांनी आत येताना काय आणले, ते पाहा. २००७ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'टेक द ए ट्रेन'. बिली स्ट्रेहॉर्नची ही धून म्हणजे हार्लेमकडे जाणाऱ्या भुयारी रेल्वेची धून. एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने ती जगभर नेली. २०२० सालच्या ध्वनिमुद्रिकेत फ्रेंच रचनाकार दब्युसीच्या शेजारी डिझी गिलेस्पीचा जॅझ आहे आणि क्यूबाचे गीदो लोपेझ-गाविलान यांचे ग्वाग्वांको या तालावरचे चतुष्टय आहे. संचाचे संस्थापक व्हायोलिनवादक इल्मार गाविलान हे या गीदोंचे पुत्र.

हा ग्वाग्वांको म्हणजे रुंब्याचाच एक प्रकार. हवाना आणि मातान्झासच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत तो घडला. ढोल नसेल तेथे माल भरण्याच्या लाकडी पेट्या वाजवून या लोकांनी ताल धरला. अमेरिकेत तर साउथ कॅरोलायना येथे १७३९ सालच्या गुलामांच्या बंडानंतर १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्याची मनाई झाली. क्यूबात आफ्रिकी ढोल टिकून राहिला. १९४७ साली गिलेस्पीने चानो पोझो या क्यूबन ढोलवादकाला आपल्या बँडमध्ये घेतले, तेव्हा गुलामांच्या जहाजांनी ताटातूट केलेली दोन भावंडेच पुन्हा भेटली. जॅझ आणि लॅटिन संगीत यांचे हे 'मिश्रण' नव्हे, हे पुनर्मीलन आहे. आणि आता ते व्हायोलिनच्या तारांवर घडते आहे.

मग व्हायोलिन तरी गोऱ्यांचीच मिरास होती काय? बेथोव्हेनने १८०३ साली व्हिएन्नात आपला एक प्रसिद्ध सोनाटा ज्याच्यासोबत प्रथम सादर केला, तो जॉर्ज ब्रिजटॉवर कृष्णवर्णीय पित्याचा पुत्र होता. पुढे दोघांत बिनसले आणि अर्पणपत्रिकेवर क्रॉइट्झर या फ्रेंच वादकाचे नाव आले. त्याने तो सोनाटा कधी वाजवलाही नाही, पण सोनाटा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. नाव खोडण्याची ही रीत आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आपल्या मुंबईतही १९३५ साली ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीयांचा जॅझ बँड घेऊन लिऑन ॲबी आला, तोही व्हायोलिनवादकच होता.

कायद्याच्या भाषेत बोलायचे तर पडदा ही औपचारिक समता आहे. स्फिंक्सने केले ते वास्तव समतेचे काम. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या एन. एम. थॉमस खटल्यात आरक्षण हा समतेला अपवाद नसून समतेचेच अंग आहे, ही भूमिका घेतली. २०२२ साली वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, खुली स्पर्धा परीक्षा केवळ औपचारिक समता देते आणि गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भातच पाहावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र जून २०२३ मध्ये हार्वर्ड खटल्यात विद्यापीठ प्रवेशातील वर्णाधारित विचार रद्द केला. तेथे पुन्हा पडद्याचेच राज्य आले! बाबासाहेबांनी समतेबरोबर आरक्षणाची तरतूद घटनेतच कोरून ठेवली, तिचे मोल अशा वेळी कळते. पण तिला घरघर लावण्याचे उद्योग आपल्याकडेही थांबलेले नाहीत, हे विसरून चालणार नाही.

शेवटी प्रश्न आपल्या वस्तीचा. हलगी, सनई, ढोलकी आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली. कातडे आपण कमावले, ताल आपण धरला आणि बैठकीचा मान दुसऱ्यांना मिळाला. जलशांनी आणि वामनदादांसारख्या कवी-गायकांनी तोच ताल चळवळीच्या कामाला लावला. आज भीमजयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. एका रात्रीत लाखोंची वर्गणी कानठळ्यांत विरून जाते. त्यातील चौथा हिस्सा बाजूला काढून वस्तीतील बुद्धविहारात दहा वाद्ये आणि एक शिक्षक ठेवता येणार नाही काय? ती वाद्ये हलगी असोत की व्हायोलिन. वाद्याला जात नसते, ते कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवणाऱ्याला असते.

परीक्षेत पडदा असावा की नसावा, हा वाद परीक्षकांनी घालावा. त्या पडद्यापर्यंत आपली मुले नेणारा रस्ता मात्र शासनाकडून हक्काने मागावा लागेल आणि शासन देईपर्यंत आपल्याच घामाने बांधावा लागेल. हार्लेमच्या नावाने वाजणाऱ्या त्या चार वाद्यांनी दाखवून दिले आहे की, रस्ता झाला की पोरे पोहोचतात. आणि पोहोचतात तेव्हा ती रिकाम्या हातांनी जात नाहीत. त्या घरात कधी वाजला नव्हता असा ताल बरोबर घेऊन जातात.