घरच्या संगणकाची रोगचिकित्सा

संगणक आतां घरोघरीं आला. परंतु तो बिघडला म्हणजे काय करावें, हें ज्ञान कांहीं त्याच्याबरोबर येत नाहीं. गेल्या आषाढांत आमच्यावर गुदरलेला प्रसंग वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटून येथें सांगतों.

आम्ही परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडचे. संत जनाबाईंच्या या जन्मगांवीं जात्यावरच्या ओव्यांचें अगत्य विशेष. आमच्या मातोश्रींनीं अखेरच्या वर्षीं म्हटलेल्या ओव्या पुतण्यानें ध्वनिमुद्रित करून एका पेन ड्राइव्हवर ठेविल्या होत्या. दुसरी प्रत काढिली नव्हती. ही चूक आमचीच. तोच पेन ड्राइव्ह कांहीं कागद छापून आणण्यासाठीं आम्हीं एका झेरॉक्सच्या दुकानांत नेला. घरीं येऊन संगणकास जोडतों, तों ओव्यांच्या फोल्डरच्या चित्रावर एक लहानसा बाण! नातवानें त्यावर क्लिक केलें. ओव्या उघडल्या नाहींत. संगणक मात्र तेव्हांपासून मंदावला.

पुतण्या म्हणाला, "काका, दोन्ही पुसून टाकूं. फॉरमॅट केलें कीं रोग मुळासकट गेला."

स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, "आणि सासूबाईंच्या ओव्या?"

यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें.

वैद्यकांत आधीं निदान, मग चिकित्सा. म्हणून प्रथम इंटरनेट तोडलें, आणि पेन ड्राइव्हवर किती जागा व्यापिली आहे तें पाहिलें. जागा पूर्वीइतकीच भरलेली होती! वस्तु दिसत नाहीं, पण तिची जागा रिकामी नाहीं. अर्थात् ती नष्ट झालेली नसून दडविलेली आहे. या जातीचा उपद्रवी प्रोग्राम खऱ्या फोल्डरवर गुप्ततेची खूण करितो व त्याच्याच नांवाचा तोतया पुढें मांडितो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तसाच हा प्रकार. तोतयावर विश्वास ठेविला कीं उपद्रव घरांत शिरलाच.

आतां औषध. विंडोज १० व ११ मध्यें डिफेंडर हा पहारेकरी अंगचाच असतो. त्यास निराळे दाम पडत नाहींत. त्याच्या 'ऑफलाइन स्कॅन'मध्यें संगणक बंद होऊन पुन्हां सुरू होतो, व विंडोज जागें होण्यापूर्वींच तपासणी चालते. त्यामुळें दडलेल्या उपद्रवास आडवें येतां येत नाहीं. यास सुमारें पाव तास लागतो. त्यानंतर पेन ड्राइव्हसह संपूर्ण तपासणी केली.

मग दुसऱ्या वैद्याचें मत घेतलें. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०१७ मध्यें 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू करून अशीं साधनें विनामूल्य देण्याची सोय केली. त्यांत पुण्याच्या क्विक हीलचेंहि साधन आहे. गणकयंत्रें दुरुस्त करणारे रहिमतपूरचे कैलास काटकर व त्यांचे बंधु संजय यांनीं ही संस्था उभारली, हें मराठी माणसास भूषणावह होय. मात्र कायमचे दोन पहारेकरी एकाच दारीं बसवूं नयेत. ते परस्परांशींच भांडतात. दुसरा तपासणीपुरताच बोलवावा. 'तुमचा संगणक बाधित आहे' अशी पडद्यावर अवचित येणारी पाटी पाहून तर कांहींच उतरवून घेऊं नये. पुष्कळदां ती पाटीच रोग असते.

दोन्ही तपासण्या निर्दोष निघाल्यावर 'अ‍ॅट्रिब' ही संगणकांतलीच आज्ञा देऊन गुप्ततेच्या खुणा पुसल्या. फोल्डर दिसूं लागला. क्षणभरानें मातोश्रींचा आवाज आला. घरांत कोणी बोललें नाहीं.

सर्वच रोग असे साध्य नसतात, हेंहि सांगितलें पाहिजे. मे २०१७ मध्यें जगभर पसरलेला 'वॉनाक्राय' फाइली दडवीत नसे. त्यांना कुलूप घालून खंडणी मागे. तेथें उपद्रव काढला तरी कुलूप तसेंच राहतें. म्हणून खरें औषध एकच: महत्त्वाच्या वस्तूची दुसरी प्रत, आणि तीहि संगणकापासून अलग ठेविलेली. रोग गेल्यावर बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलावे, आणि दुकानांत नेण्यासाठीं एक रिकामा पेन ड्राइव्ह निराळा राखावा.

आमच्या घरीं आतां ओव्यांच्या तीन प्रती आहेत. त्यांतील एक देवघराच्या कपाटांत, मातोश्रींच्या पोथीशेजारीं ठेविली आहे.