“काय करते? काय न्हाय, घरीच असते!” – घरकाम मोजायचं कसं?



मागच्या लेखात आपण प्रश्नावली कशी तयार करायची ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. प्रश्न नीट लिहिला, माणसाने उत्तरही दिलं, तरी उत्तर खरं का निघत नाही? आज त्यावर बोलू. उदाहरण आहे आमच्या माळशिरसच्या घरातलं, आणि त्यात चूक माझीच आहे.

माझं संशोधन बिनपगारी कामाच्या मोजमापावर आहे. खऱ्या गावभेटी सुरू करण्याआधी फॉर्म तपासून बघावा म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आईलाच समोर बसवलं. विचारलं, “आई, काल दिवसभरात काय काय केलंस?”

आई म्हणाली, “काय न्हाय गं. भाकरी केल्या, धुणं-भांडी केली, मग बसूनच होते की.”

मी लिहून घेतलं. सकाळचा स्वयंपाक दोन तास, धुणं-भांडी दीड तास, एकूण साडेतीन तास. फॉर्म भरला, सही झाली. रात्री आकडे बघताना माझ्या लक्षात आलं की ह्या घरात मी वीस वर्षं राहिले आहे आणि हा आकडा खोटा आहे हे मला माहीत आहे. आई खोटं बोलली नव्हती. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

‘काम’ म्हणजे काय, हे आधी ठरवा

तुम्ही अर्थशास्त्राचे असा, समाजशास्त्राचे असा किंवा गृहविज्ञानाचे, पहिली अडचण इथेच येते. स्वयंपाक हे काम आहे, मग जेवणं काम का नाही? दोन्हीला वेळ लागतोच ना?

ह्याचं सोपं उत्तर मार्गारेट रीड ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ साली दिलं. त्याला ‘तिसऱ्या व्यक्तीची कसोटी’ म्हणतात. तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला पैसे देऊन ती गोष्ट करून घेता येते का? येत असेल तर ते काम. भाकरी थापायला बाई लावता येते, म्हणून भाकरी थापणं काम. तुमच्या वाटची भाकरी दुसऱ्याने खाल्ली तर तुमचं पोट भरत नाही, म्हणून जेवणं काम नाही. धुणं, दळण आणणं, म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालणं, लेकराचा अभ्यास घेणं, सगळं ह्या कसोटीला उतरतं.

पण कसोटीला उतरलं म्हणजे देशाच्या हिशोबात आलं असं नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एक सीमारेषा आहे. घरच्यासाठी वस्तू तयार केली, म्हणजे धान्य पिकवलं, दूध काढलं, सरपण गोळा केलं, तर ते रेषेच्या आत. घरच्यांसाठी बिनपगारी सेवा केली, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, आजारपण काढलं, तर ते रेषेच्या बाहेर. धार काढली तर उत्पादन, तेच दूध तापवून चहा केला तर काहीच नाही! हसू येतं, पण नियम असाच आहे.

आपल्याकडच्या रोजगाराच्या सर्वेक्षणांतही हे दिसतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ‘फक्त घरकाम’ करणाऱ्यांना ९२ हा कोड, आणि घरकामासोबत सरपण, वैरण गोळा करणं, घरच्यासाठी शिवणकाम अशी कामं करणाऱ्यांना ९३ हा कोड असतो. दोन्ही कोडवाल्या बाया श्रमशक्तीच्या बाहेर धरल्या जातात. कोड काय लागेल हे माणूस काय करतो ह्यावर जितकं, तितकंच प्रश्न कसा विचारला ह्यावरही ठरतं. ‘तू काय करतेस?’ ह्याला आपल्याकडचं ठरलेलं उत्तर ‘काय न्हाय’ हेच आहे.

प्रश्न बदला: ‘काय करतेस’ नको, ‘त्या वेळी काय चाललं होतं’ विचारा

ह्यावरचा उपाय म्हणजे वेळ-वापर सर्वेक्षण. कामाबद्दल विचारायचंच नाही, घड्याळाबद्दल विचारायचं. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत ह्याची चाचणी झाली: हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तमिळनाडू आणि मेघालय. महाराष्ट्र त्यात नव्हता. सगळ्या देशाचं पहिलं सर्वेक्षण जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं आणि दुसरं २०२४ मध्ये.

पद्धत समजून घ्या, तुम्हाला उपयोगी पडेल. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असे चोवीस तास घ्यायचे. त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ तुकडे करायचे. ६ वर्षं आणि त्यावरच्या घरातल्या प्रत्येक माणसाला आदल्या दिवशीच्या प्रत्येक तुकड्यात काय चाललं होतं ते विचारायचं. एका तुकड्यात जास्तीत जास्त तीन कामं लिहायची, आणि काम दहा मिनिटं तरी चाललेलं असावं. नंतर प्रत्येक कामाला संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणातला कोड द्यायचा.

सुरुवात पहाटे ४ ला का? कारण त्या वेळी बहुतेक माणसं झोपलेली असतात, दिवस मधेच तुटत नाही.

मी आईला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, ह्या पद्धतीने. अजून एक गोष्ट बदलली. पहिल्या वेळी आम्ही सोप्यात बसलो होतो आणि आजी बाजूच्या कॉटवर ऐकत होती. सासूसमोर सून आपल्या कामाची यादी वाचेल का? म्हणून दुसऱ्या वेळी मी गोठ्यात गेले. आई वैरण टाकत होती, मी दावणीपाशी वही घेऊन उभी.

दिवस असा निघाला. पाचला उठून अंगण झाडणं, सडा, बंब पेटवणं, चहा: एक तास. सहा ते सात शेण काढणं आणि धार. सात ते नऊ स्वयंपाक, डबे. मग अर्धा तास आजीची अंघोळ, औषधं. साडेनऊ ते अकरा धुणं-भांडी. अकरा ते दीड रानात खुरपण. अर्धा तास जेवण. दोन ते साडेतीन ‘बसले होते’. साडेतीन ते पाच वैरण, उसाचं वाढं आणणं. पाच ते सहा झाडलोट, भाजी निवडणं. सहा ते सात परत धार. सात ते साडेआठ स्वयंपाक, मग अर्धा तास जेवण. नऊ ते साडेनऊ भांडी. अर्धा तास टीव्ही. दहाला झोप.

बेरीज करून बघा. घरकाम साडेसात तास, आजीचं करणं अर्धा तास, जनावरं साडेतीन तास, रान अडीच तास. एकूण चौदा तास. आदल्या दिवशी त्याच बाईने, त्याच लेकीला साडेतीन तास सांगितले होते.

हा एका बाईचा एक दिवस आहे. ह्यावरून माळशिरस तालुक्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. सिद्ध होतं ते एवढंच की प्रश्न बदलला की उत्तर चौपट होऊ शकतं.

तीन ठिकाणी अडकाल

१. “बसले होते.” दोन ते साडेतीन आई बसली होती हे खरंच. पण बसून शेंगा फोडत होती, टीव्ही चालू होता आणि एक कान आजीकडे होता. एकाच वेळी तीन गोष्टी. फक्त मुख्य काम लिहिलं तर ‘टीव्ही’ लागतो आणि तो वेळ विश्रांतीत जातो. म्हणून दर वेळी दुसरा प्रश्न विचाराच: “आणि ते करताना हातात काय होतं?” ‘हातात’ हा शब्द महत्त्वाचा. ‘सोबत दुसरं काही केलं का’ म्हटलं की “न्हाय” येतं.

२. गाय कुणाची? जनावरांचे साडेतीन तास कुठे लिहायचे? दूध फक्त घरी प्यायला असेल तर ते घरच्या वापरासाठीचं उत्पादन. डेअरीला घालायचं असेल तर तो चक्क रोजगार. आमच्या घरी दोन लिटर ठेवून बाकीचं डेअरीला जातं, म्हणजे मुख्य हेतू विक्री. त्यामुळे आईचा कोड ‘घरकाम’ नाही, घरच्या धंद्यात काम करणारी असा लागायला हवा. पण डेअरीचं कार्ड वडिलांच्या नावावर आहे आणि दर दहा दिवसांचं बिल त्यांच्याच खात्यावर येतं. त्यामुळे घरातलं कुणीही, आईसुद्धा, ‘दुधाचा धंदा आई करते’ असं म्हणत नाही. कार्डावरचं नाव बघून कोड लावू नका, धार कुणी काढली ते विचारा.

३. नेहमीचा दिवस कोणता? आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामी असते. त्या दिवशी आमच्या गल्लीत चुली विझत नाहीत, घरोघरी वारकऱ्यांच्या पंगती असतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वे केलात तर माळशिरसच्या बाया दिवसभर स्वयंपाकच करतात असं वाटेल. म्हणून दिवस नेहमीचा होता की वेगळा, हे फॉर्मवर नोंदवायचं. पण वेगळे दिवस गाळून टाकू नका. सणवार, पाहुणे, दुखणं हेही वर्षातच येतं. म्हणून तर राष्ट्रीय सर्वेक्षण वर्षभर चालवतात.

आता आकडे वाचायला शिका

२०१९ च्या सर्वेक्षणाचा सगळीकडे छापून आलेला आकडा असा: बायका दिवसाला २९९ मिनिटं घरकाम करतात, पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे साधारण तिप्पट. बरोबर?

आकडा बरोबर, वाचन अर्धवट. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम *केलेल्या* लोकांची आहे. घरकाम केलेल्या बायका होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचे शून्यही धरा. बायकांचं ०.८१२ × २९९, म्हणजे सुमारे २४३ मिनिटं. पुरुषांचं ०.२६१ × ९७, म्हणजे सुमारे २५ मिनिटं. आता फरक तिप्पट नाही, जवळजवळ दहापट झाला!

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळे. पहिला सांगतो की जो पुरुष हात लावतो तो किती करतो. दुसरा सांगतो की सगळे पुरुष मिळून सरासरी किती करतात. तुमच्या शोधनिबंधात सरासरी लिहाल तेव्हा ती सहभागींची की सगळ्यांची, हे त्याच वाक्यात लिहा. २०२४ मध्ये सहभागी बायकांचा आकडा २८९ आणि पुरुषांचा ८८ झाला. बायकांची मिनिटं कमी झाली म्हणून लगेच खूश होऊ नका, पुरुषांचीही कमी झाली आहेत.

एवढं मोजून होतं काय?

आईनेही हेच विचारलं, “लिहून काय हुणार हाय?”

एक उत्तर कोर्टात मिळतं. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई किती? तिचं उत्पन्न तर शून्य. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्याच्या निकालात गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरण्याची चर्चा करताना न्यायालयाने ह्याच वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे घेतले. कुठल्या तरी गावात कुणीतरी “मग साडेचारला काय करत होता?” असं नीट विचारलं होतं, म्हणून ते आकडे तिथवर पोचले.

दुसरं उत्तर माझ्या घरातलं आहे. फॉर्ममध्ये आईची झोप सात तास आली. छान आहे, असं मी मनात म्हटलंही. गोठ्यातून निघताना सहज विचारलं, “रात्री उठावं लागतं का गं?” तर म्हणाली, “दोनदा-तीनदा. आजीला बाथरूमला न्यायचं असतंय. पाच मिनिटांचं तर काम.” पाच मिनिटांचं, म्हणजे दहाच्या खालचं. म्हणजे फॉर्मवर येणारच नाही. नियमानुसार माझी नोंद अचूक होती, आणि माझी आई दीड वर्ष सलग झोपली नव्हती हे त्यात कुठेच नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी वही सगळ्यांसमोर वाचली नाही. ती माहिती आईची होती, म्हणून आधी तिला विचारलं. ती म्हणाली, “रात्रीचं तेवढं सांग, बाकीचं राहू दे.” तेवढंच सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. आता आजीच्या खोलीत भाऊ झोपतो. डेअरीच्या कार्डावरचं नाव अजून तेच आहे.

माझ्या फॉर्ममध्ये मी आता एक जादा ओळ घातली आहे: ‘रात्री किती वेळा उठलात, कुणासाठी?’

तुमच्यासाठी गृहपाठ

१. घरातल्या एका माणसाला आधी ‘काल काय केलंस’ असं विचारा, दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी विचारा. दोन्ही बेरजा शेजारी ठेवा.
२. दुसऱ्याचा फॉर्म भरायच्या आधी स्वतःचा भरा. मी भरला. सुट्टीच्या दिवशी माझं घरकाम चाळीस मिनिटं निघालं.
३. विचारताना कोण ऐकतंय ते लिहून ठेवा. तोही डेटाच आहे.
४. वही मिटल्यावर पाच मिनिटं थांबा. बऱ्याचदा खरं उत्तर तेव्हा येतं.

पुढच्या लेखात ह्याच नोंदींना कोड कसे द्यायचे ते एक्सेलमध्ये करून बघू. तोवर एक दिवस मोजून ठेवा.