विजेची फोर्कलिफ्ट घेताना

श्रोतेहो, वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांनी फोर्कलिफ्ट पाहिली असेल. पुढे दोन पोलादी काटे, मागे जड वजन, मध्ये चालक. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. तिथल्या कारखान्यांत हे यंत्र आता बैलगाडीइतके ओळखीचे आहे. पण आता शेतकरी कंपन्याही गोदामे बांधतात. सिल्लोड-कन्नडकडचा मका साठवायचा, थप्प्या लावायच्या, तेव्हा असे यंत्र घ्यावे का, हा प्रश्न येतोच. बंद गोदामात डिझेलचा धूर माणसालाही नको आणि धान्यालाही नको. म्हणून बॅटरीवर चालणारे बरे. पण निवडायचे कसे?

विकणारा टनांपासून सुरुवात करतो. आपण आपल्या मालापासून करावी. सुटे पोते फोर्कलिफ्ट उचलत नाही, बरं का! पोती आधी पॅलेटवर, म्हणजे लाकडी पाटावर, रचावी लागतात. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे १००० किलो, वर पाटाचे वजन. मग दीड टनाचे यंत्र पुरेल? बहुतेक पुरेल, पण यंत्रावरची पाटी नीट वाचा. तिच्यावर लिहिलेले असते : १५०० किलो, भारकेंद्र ५०० मिलिमीटर. म्हणजे काट्यांच्या मुळापासून मालाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल, तरच दीड टन.

गुरुजी मंडळींनी हे वर्गात जरूर सांगावे, कारण ही तरफच आहे. पुढच्या चाकांचा आस हा टेकू. समजा, आसापासून काट्यांचे मूळ ४०० मिलिमीटरवर आहे. मालाचा मध्य ५०० वर, म्हणजे एकूण अंतर ९००. आता पाट लांबट बाजूने उचलला आणि मध्य ६०० वर गेला, तर अंतर १०००. १५०० गुणिले ९०० भागिले १००० : १३५० किलो. शंभर मिलिमीटरने दीडशे किलो खाल्ले! माल फार उंच न्यायचा असेल, तर क्षमता आणखी घटते; तोही आकडा विचारून घ्या.

मग जमीन. विजेच्या पुष्कळ यंत्रांना लहान, भरीव चाके असतात. ती गुळगुळीत फरशीवर चालतात, मुरमाच्या अंगणात किंवा पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात रुततात. गोदामाच्या दाराची उंची आणि दोन थप्प्यांमधली वाट टेपने मोजा, अंदाजाने नको. माल थोडा असेल, उंच चढवायचा नसेल, तर हाताने ओढायची पॅलेट गाडीही भागवते. तिला वीज लागत नाही आणि किंमत फारच कमी. अनेक लहान गोदामांना खरे तर तीच हवी असते.

खरी कसोटी बॅटरीची. शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरायला साधारण आठ तास लागतात, शिवाय थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. म्हणजे दिवसा काम, रात्री भरणी. तेव्हा रात्री आपल्या जोडणीवर पुरेशी वीज असते का, हे आधी पाहा. शेतीच्या फीडरवरची थ्री फेज वीज ठरावीक तासच असते. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर आटते. भरताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि तिथे बिडी पेटवायची नाही. लिथियमच्या बॅटरीला पाणी नको, चहाच्या सुट्टीतही ती थोडी भरून घेता येते. पैसे मात्र जास्त. आणखी एक : जुनी शिशाची बॅटरी काढून हलकी लिथियमची बसवली, तर मागचे वजन कमी होऊन यंत्र पुढे कलू शकते. पाटीवर लिहिलेले बॅटरीचे किमान वजन राखलेच पाहिजे.

जुनी फोर्कलिफ्ट स्वस्तात मिळत असेल, तर रंगावर भुलू नये. बॅटरी पूर्ण भरून यंत्र आपल्या गोदामात आणवा, आपलीच पोती लादा आणि पाळीभर चालवून बघा. गोदामाच्या उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा : चढताना पुढे, उतरताना उलट. हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती किल्ली देऊ नये. ज्या हमालांनी आजवर थप्प्या लावल्या, त्यांच्यातल्याच एकाला रीतसर शिकवून घ्या. पोत्यांची रचना तोच उत्तम जाणतो, आणि पाटावर पोती रचायला बाकीचे हात लागणारच आहेत.