पंप एकच, गाळी सगळ्यांची!

रविवारी पहाटे टिळकवाडीतून आमच्या पाच सायकली येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे निघतात. अंतर बेळगावपासून सुमारे १५ किलोमीटर. शेवटच्या चढाला गप्पा थांबतात, धाप लागते.

एकदा वाटेत चाकातली हवा गेली. कन्नड मित्र ओरडला, "गाळी हाक्री!" नवा गडी चमकला. हा शिव्या द्यायला का सांगतोय? गाळी म्हणजे हवा, हे कळल्यावर सगळे हसून हसून रस्त्याकडेला बसले.

सीमाप्रश्न १९५६ पासूनचा. त्यावरून आमच्यातही जुंपते. गेल्या पावसाळ्यात तर दोघांचा महिनाभर अबोला होता. पण पंप एकाकडे आणि हवा गेली दुसऱ्याची! मराठी गडी हळूच म्हणाला, "गाळी हाकप्पा." कन्नड मित्र मराठीत म्हणाला, "आण की चाक इकडं." अबोला तिथेच संपला.

गडावर सिद्धेश्वराला हात जोडून डबे उघडतात. त्यांची जोळद रोट्टी, आमची ज्वारीची भाकरी. कुणाची कुठली, हे खाताना कळत नाही.

वाचकहो, तुमच्याही अडगळीत जुनी सायकल असेल. जरा गाळी भरून बघा!