थंडीत इंजिन उशिरा तापते: कारणे आणि उपाय

मार्गशीर्ष सरून पौष लागला की गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या खोऱ्यांत थंडीचा कडाका वाढतो. निफाड तालुक्यात तो विशेष जाणवतो. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याची नोंद अनेक हिवाळ्यांत झालेली आहे. गव्हास ही थंडी मानवते. द्राक्षास मात्र ती बाधते. मण्यांची फुगवण मंदावते आणि पक्व होत आलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून बागाईतदार पहाटेच्या काळोखात बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवितात आणि विहिरीचे उबदार पाणी बागेस सोडतात.

नेमक्या याच वेळी इंजिनाची परीक्षा होते. वीज नसली म्हणजे विहिरीवरील ऑइल इंजिन किंवा ट्रॅक्टर यांवरच सारी भिस्त असते. इंजिन लवकर सुरू होत नाही; झालेच तर पांढरा धूर ओकते, अडखळते आणि भार घेत नाही. अर्धा तास लोटला तरी तापमानाचा काटा हलत नाही. "थंडीच आहे, चालायचेच," असे म्हणून बहुतेक जण तिकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः इंजिन उशिरा तापण्यामागे हवेतील थंडीपेक्षा इंजिनाची सदोष निगाच पुष्कळदा कारणीभूत असते; आणि तिची किंमत इंधन, ऑइल व यंत्राची झीज या तिन्ही रूपांनी मोजावी लागते.

इंजिनास उष्णता का हवी

इंजिन जितके थंड राहील तितके ते सुरक्षित, असा एक समज ग्रामीण भागात रूढ आहे. तो चुकीचा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेस तिच्या मूळ आकारमानाच्या साधारणतः सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतके दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंशांहून अधिक तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सिलिंडरच्या भिंती गार असल्या तर दाबलेल्या हवेची उष्णता त्या शोषून घेतात. मग डिझेलचे काही थेंब न जळताच बाहेर पडतात. पहाटेचा तो पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर म्हणजे वाया गेलेले डिझेलच होय.

न जळलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतो व ऑइल पातळ करतो. शिवाय एक लिटर डिझेल जळले म्हणजे जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने उत्पन्न होते. इंजिन गरम असल्यास ही वाफ धुराबरोबर निघून जाते. ते थंड असल्यास तिचे आतच दव होते आणि धातूस गंज चढतो. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये मोटारींच्या इंजिनांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, सिलिंडरची पुष्कळशी झीज घर्षणामुळे नव्हे, तर थंड भिंतींवर साचणाऱ्या अशा दवाने होणाऱ्या गंजामुळे घडून येते. त्या काळच्या इंधनात गंधकाचे प्रमाण अधिक असल्याने आम्ल तयार होऊन हे नुकसान आणखी वाढे. भारतात एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग इतकी खाली आणली गेली, त्यामुळे आम्लाचा त्रास घटला. पाणी आणि ऑइल पातळ होणे हे दोष मात्र तसेच राहिले आहेत.

ही गोष्ट जुन्या पिढीतील ट्रॅक्टरचालकांस चांगली ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधील फर्ग्युसन आणि फोर्डसन बनावटीचे अनेक ट्रॅक्टर केरोसीनसारख्या स्वस्त तेलावर चालत. ते पेट्रोलवर सुरू करावयाचे आणि इंजिन पुरते तापल्यावरच तेलाची तोटी उघडावयाची, असा नियम असे. घाई केली तर तेलाची वाफ न होता ते तळाच्या ऑइलमध्ये उतरे. इंजिन लवकर तापावे म्हणून रेडिएटरपुढे उघडझाप करता येणारा पडदाही लावीत. आपल्याकडील पेट्रोलवर सुरू होऊन केरोसीनवर चालणाऱ्या पंपांसही हाच नियम लागू होता. इंधन बदलले, तत्त्व बदलले नाही.

थर्मोस्टॅटचे कार्य

रेडिएटर असलेल्या इंजिनाचे तापमान राखण्याचे काम थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप करते. सामान्यतः इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या तोंडाशी ती बसविलेली असते. तिच्या पोटात मेण भरलेली डबी असते. पाणी थंड असेतोवर झडप बंद राहते आणि पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरते. त्यामुळे ते लवकर तापते. पुष्कळ इंजिनांत ८० अंशांच्या आसपास मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि जादा उष्णता रेडिएटरवाटे हवेत जाते. नाशिककडे हिवाळ्यात पहाटे ५ अंश आणि दुपारी २८ अंश अशी तफावत एकाच दिवसात पडू शकते. दोन्ही वेळी इंजिन सारखेच गरम ठेवण्याची किमया ही झडप कोणाच्याही देखरेखीवाचून करीत असते.

असे असूनही थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची चाल आपल्याकडे सर्रास आढळते. उन्हाळ्यात इंजिन तापले की मिस्त्री म्हणतो, "हा भाग थंड मुलखासाठी, आपल्याकडे त्याची गरज नाही." झडप निघते, तात्पुरता गुण येतो आणि मालक समाधान पावतो. परंतु तापण्याचे मूळ कारण, म्हणजे रेडिएटरमध्ये साचलेला गाळ, पंख्याचा सैल पट्टा किंवा जाळीत अडकलेला भुसा, जागच्या जागीच राहते. उलट काही इंजिनांत ही झडप उघडताना आतला आडमार्ग बंद करीत असते. ती काढली म्हणजे तो मार्ग सदैव खुला राहतो, काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरते आणि जड कामात इंजिन पूर्वीपेक्षाही अधिक तापते. हिवाळ्यात तर अशा इंजिनास गरम होण्यास वावच उरत नाही.

थर्मोस्टॅटची परीक्षा कशी करावी

परीक्षा सोपी आहे. पहाटे इंजिन सुरू करून हलक्या कामास लावावे आणि फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवून रेडिएटरच्या वरच्या नळीस अधूनमधून स्पर्श करावा. काही वेळ ती गार राहून मग लवकरच चांगली गरम झाली, तर झडप ठीक आहे. इंजिन सुरू झाल्यापासूनच नळी हळूहळू कोमट होत गेली, तर झडप उघडी अडकलेली आहे किंवा काढलेली आहे असे समजावे.

शंका राहिल्यास, इंजिन पूर्ण थंड असताना झडप बाहेर काढून दोरीने पाण्याच्या पातेल्यात टांगावी. ती बुडास टेकू देऊ नये. पाणी तापवीत तापमापक यंत्रावर नजर ठेवावी. झडपेवर कोरलेल्या अंकाच्या सुमारास ती उघडू लागली पाहिजे आणि त्याहून दहा-बारा अंश वर गेल्यावर पूर्ण उघडली पाहिजे. गार पाण्यातच उघडी असणारी किंवा उकळत्या पाण्यातही न उघडणारी झडप टाकून त्याच अंकाची नवी घ्यावी. ती बसविताना हवा निसटण्याचे बारीक छिद्र वरच्या बाजूस येईल असे पाहावे. या झडपेची किंमत इंजिन उघडून नवे पिस्टन व लायनर बसविण्याच्या खर्चापुढे नगण्य होय.

विहिरीवरील इंजिन

विहिरीवरील पुष्कळशा इंजिनांस रेडिएटरही नसतो आणि थर्मोस्टॅटही नसतो. पंपाने उपसलेल्या पाण्याचा एक फाटा इंजिनाच्या जाकिटातून फिरवून पाटात सोडलेला असतो. येथे दोष उलट दिशेने होतो. फाट्याची तोटी पुरती उघडी ठेवल्याने विहिरीचे गार पाणी जोराने वाहते आणि इंजिन दिवसभर चालूनही तापत नाही. जाकिटातून बाहेर पडणारे पाणी हातास गारच लागले, तर डिझेल वाया जात आहे असे खुशाल समजावे.

इंजिन भारावर अर्धा तास चालल्यानंतर बाहेर पडणाऱ्या पाण्यात बोट घालून पाहावे. क्षणभराहून अधिक काळ बोट ठेववू नये इतके, म्हणजे सुमारे ६० अंशांचे, ते असावे. कमी गरम असल्यास तोटी थोडीथोडी आवळावी व दर वेळी काही मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. तोटी पूर्ण बंद करू नये. पाणी फार तापू देणेही बरे नव्हे. कारण विहिरीच्या जड पाण्यातील क्षार जाकिटात चिकटून त्याचा थर बसतो. शक्य असेल तेथे टाकी बांधून तेच पाणी फिरते ठेवण्याची योजना अधिक चांगली.

पहाटे इंजिन सुरू करताना

इंजिन सुरू होताच ते बांधावर उभे करून वीस-वीस मिनिटे नुसते चालविणे, हा थंडीवरील उपाय नव्हे. भाराविना चालणाऱ्या डिझेल इंजिनात इंधन थोडे जळते, म्हणून उष्णताही थोडीच निघते. ऑइलचा दाब आल्याची खात्री होईपर्यंत, साधारणतः एक-दोन मिनिटे, थांबावे. नंतर हलक्या कामास लावून काटा वर आल्यावर पूर्ण भार द्यावा. गार इंजिनाचा वेग एकदम वाढवू नये.

ऑइल निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे. एकेरी प्रतीचे ४० क्रमांकाचे ऑइल थंडीत फार घट्ट होते. १५ डब्ल्यू ४० सारखे दुहेरी प्रतीचे ऑइल पहाटेही पुरेसे वाहते. ऑइलच्या टोपणाखाली पांढरट साय दिसणे, किंवा मापनपट्टीवर पातळी आपोआप वाढलेली दिसणे, ही इंजिन थंड राहत असल्याची चिन्हे होत. मात्र त्याबरोबर रेडिएटरमधील पाणीही घटत असल्यास हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरणे किंवा तळाखाली जाळ करणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यांत इंजिनाची, गोठ्याची आणि माणसाची हानी होऊ शकते. तसेच गार इंजिनात उकळते पाणी ओतू नये. बिडाच्या भागांस तडे जाण्याचा धोका असतो.

केबिनमधील ऊब

जानेवारीपासून द्राक्षांच्या गाड्या मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघू लागतात. ग्वाल्हेरच्या पुढे दाट धुके आणि बोचरी थंडी यांच्याशी गाठ पडते. तेथे केबिनमधील हीटर ही चैन राहत नाही. काचेवरील दव निघाले नाही तर समोरचे दिसत नाही, आणि गारठलेला चालक सावध राहत नाही.

हीटर म्हणजे केबिनमध्ये बसविलेला एक छोटा रेडिएटरच होय. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते व पंखा त्यावरून हवा सोडतो. म्हणजेच पाण्यात उष्णता नसेल तर हीटरमध्येही ती नसणार. डिझेल इंजिन इंधनाचा उपयोग अधिक काटकसरीने करीत असल्याने वाया जाणारी उष्णता कमी असते; म्हणून काही मैल जाईपर्यंत हीटर थंड राहणे स्वाभाविक आहे. तोवर हीटरचा पंखा बंद ठेवावा व काटा हलू लागल्यावर तो चालू करावा. काचेवर दव धरल्यास केबिनमधील हवा तीच ती न फिरविता बाहेरची कोरडी हवा तापवून काचेवर सोडावी.

हीटर गरमच होत नसेल तर प्रथम काटा पाहावा. काटाही खालीच असेल तर थर्मोस्टॅट उघडा आहे. काटा योग्य ठिकाणी असून हीटर थंड असेल, तर पाणी कमी झाले आहे, नळीत हवा अडकली आहे, हीटरची तोटी बंद आहे किंवा आत गाळ साचला आहे. रेडिएटरचे टोपण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये.

हीटर चालत नाही म्हणून काही चालक कोळशाची शेगडी केबिनमध्ये घेऊन काचा बंद करतात व झोपतात. यासारखा घातक उपाय दुसरा नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही; झोपलेला माणूस जागा न होताच दगावतो. निखारे राखेने झाकलेले असले तरी धोका टळत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून त्याच्या उबेस बसणेही तितकेच घातक आहे. गाडी उभी केल्यावर घोंगडी आणि रजई यांचाच आधार घ्यावा.

डोंगराळ उत्तरेकडे पाणी गोठण्याचे भय असते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते व इंजिनाचे बीड फोडते. त्या वाटेस जाणाऱ्या गाडीत निम्मे गोठणरोधक द्रव व निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण भरावे. ते गंजही थोपविते, म्हणून ट्रॅक्टरमध्येही वापरण्याजोगे आहे. परंतु प्रचलित द्रव, म्हणजे एथिलिन ग्लायकॉल, चवीस गोड आणि अत्यंत विषारी असतो. काढलेले मिश्रण उघड्या भांड्यात ठेवू नये. मुले, कुत्री व गुरे त्यास तोंड लावतात.

हंगामापूर्वीची तपासणी

दिवाळी आटोपली की एक सकाळ काढून ट्रॅक्टर, पंप आणि गाडी यांची तपासणी करावी. थर्मोस्टॅट जागेवर आहे काय, काटा बरोबर दाखवितो काय, बॅटरीत जोर आहे काय, हीटर प्लग तापतात काय, डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साचले आहे काय, या पाच गोष्टी पाहण्यास फार वेळ लागत नाही. माणूस थंडीत अंगावर घोंगडी घेतो, वासरास गोणपाट पांघरतो. इंजिनासही त्याची ऊब राखणारी झडप निर्मात्याने दिलेलीच असते. शेतकरी बंधूंनी ती काढून न टाकता जपावी, म्हणजे कडाक्याच्या पहाटे बागेस पाणी वेळेवर मिळेल आणि इंजिनही अधिक वर्षे साथ देईल.