पेट्रोलचा फोम स्पिरिटला चालत नाही

गेल्या वर्षी आमची इंडस्ट्रियल व्हिजिट सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीवर गेली होती. खरं सांगायचं तर निम्मी बस लेक्चर बुडवायला आणि उरलेली जेवायला आली होती. मळीच्या वासाने डोकं भणभणत होतं. तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर साहेबांनी उन्हात दोन ट्रे मांडले, एकात पेट्रोल, दुसऱ्यात इथेनॉल. दोन्ही पेटवले. इथेनॉलची ज्वाळा उन्हात इतकी फिकट, की आमच्यातला एक जण "सर, हा पेटलाच नाही" म्हणत पुढे निघाला होता! मग एकाच ड्रममधला फोम दोन्हींवर मारला. पेट्रोल लगेच गप्प झालं. इथेनॉलवरचा फेस मात्र पडेल तसा विरघळत गेला. साहेब म्हणाले, "पोरांनो, हाच फोम आमच्या इथेनॉलच्या टाकीशेजारी कित्येक वर्षं उभा होता."

असं का व्हावं? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी मारलं तर ते खाली बसतं आणि आग वर तरंगत राहते. फोम हलका, तो पेट्रोलवर गोधडीसारखा पसरतो, वाफा दाबतो, गारवाही देतो. पण फोम म्हणजे बहुतांशी पाणीच, आणि इथेनॉल पाण्यात मिसळतं. ते फेसातलं पाणी ओढून घेतं, बुडबुडे फुटतात. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये हातावरच्या साबणाच्या फेसावर सॅनिटायझर टाकून बघा (काडी ओढू नका, रेक्टर सर!).

यावरचा उपाय म्हणजे अल्कोहोल-रेझिस्टंट फोम. त्यात एक पॉलिमर असतो. अल्कोहोलला लागताच त्याचा चिकट पापुद्रा बनतो आणि फेस त्यावर टिकतो. मात्र फोम वरून धबाधबा ओतला तर पापुद्रा फाटतो, म्हणून तो टाकीच्या आतल्या भिंतीवरून अलगद सोडावा लागतो. शिवाय हा फोम मधासारखा दाट. जुना प्रपोर्शनर, म्हणजे पाण्यात ठरावीक प्रमाणात फोम मिसळणारं यंत्र, तो नीट ओढेलच असं नाही. नुसता ड्रम बदलून काम होत नाही ते यामुळे.

हिशेब करून पाहू. टाकीचा व्यास २० मीटर, म्हणजे पृष्ठभाग ३१४ चौरस मीटर. तेल डेपोंसाठीच्या ओआयएसडी ११७ मानकात स्थिर छपराच्या टाकीला दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर द्रावण धरतात. म्हणजे मिनिटाला १,५७० लिटर, तासाला ९४,२०० लिटर. ३ टक्क्यांचा फोम असेल तर सुमारे २,८०० लिटर फोम लागेल. अल्कोहोलला बरेच फोम ६ टक्क्यांनी वापरतात, की झाले ५,६५०! वर अल्कोहोलला द्रावणाचा दरही जास्त लागतो. पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेली फोमची टाकी आणि पंप इथे तोकडे पडतात.

हे आपल्या दाराशीच आहे. सांगली-साताऱ्यात डिस्टिलऱ्या भरपूर. इथलं इथेनॉल टँकरने तेल कंपन्यांच्या डेपोत जातं (पलूस तालुक्यात हजारवाडीला असा डेपो आहे), तिथे वेगळ्या टाकीत साठवून पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ मध्ये हे मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरचा डेपो पेटला, तेव्हा शेवटी टाक्या जळून संपू द्याव्या लागल्या. त्यानंतर देशभरच्या डेपोंत दुरून चालणारे व्हॉल्व्ह आणि लांब पल्ल्याचे मोठे फोम मॉनिटर आले. डिस्टिलरीकडे मात्र तितकं लक्ष गेलेलं नाही, असं मला वाटतं.

आता आणखी एक पेच. जुन्या फोममध्ये फ्लोरिनची अशी रसायनं असतात, जी मातीत-पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात. स्टॉकहोम करारात त्यांपैकी पीएफओएस २००९ ला आणि पीएफओए २०१९ ला आलं. फ्लोरिनमुक्त फोम मिळतो, पण त्यासाठी नोझल आणि दर पुन्हा तपासावे लागतात, पाइपही धुवावे लागतात.

निघताना मी साहेबांना विचारलं, जुन्या ड्रमांचं काय केलंत? म्हणाले, "शेडमध्ये कुलपात आहेत. नाल्यात ओतले असते तर कधीच संपले असते. पण नाला कृष्णेला जातो."